मानशीचे दार नीट, तरच नदीत मासळी



मासळी कमी मिळाली की आपण जाळ्याला नाहीतर नशिबाला दोष देतो. पण आमोण्याहून खाली नार्वे, दिवाडी, चोडणपर्यंत मांडवीच्या काठची खाजने आणि खारफुटी कशी आहे, ते आधी बघायला हवे. शेवटे, काळुंद्र, चणक, सुंगटे यांची पिल्ले तिथेच लपतात, तिथेच वाढतात.

खाजन म्हणजे नदीच्या भरतीपासून बांध घालून राखलेली सखल जमीन. बांधात मानस असते. भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा तिचे दार आपोआप मिटते. ओहोटीला आतले पाणी ढकलते आणि ते उघडते. पावसाळ्यात आत कोरगुटसारखे भात, भात कापल्यावर खारे पाणी घेऊन मासळी. आपल्या पूर्वजांनी शेती आणि मासेमारी एकाच जागी बसवली ती अशी.

आता त्रास कुठून येतो?

एक, खाणींची माती. डिचोलीतल्या डंपांवरून पावसात वाहून आलेला गाळ ओहोळांतून नदीत आणि शेतात बसतो. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, २०१८ साली ८८ लिजांचे नूतनीकरण रद्द केले. पण जुने डंप जागचे हलले नाहीत, पाऊस दरवर्षी येतोच.

दोन, बार्जींच्या लाटा. त्या मातीचा बांध पोखरतात.

तीन, भराव. सखल जागा भरली की पाणी जाणार कुठे?

चार, आपण स्वतः. मासळीच्या हावेपोटी मानस नको तेव्हा उघडी ठेवली की भातात खारे पाणी शिरते, बांध कमजोर होतो. खांड पडली की आत पाणी थांबत नाही आणि जाळे लावायला मानसही उरत नाही. बारीक आसाचे जाळे लावले तर पुढच्या वर्षीची मासळी आजच संपते.

२०११ च्या सीआरझेड अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी वेगळी तरतूद केली होती: त्यांचे नकाशे करावेत, काठची खारफुटी राखावी, तिथे विकासकामे नकोत. कुठे भराव दिसला तर गप्प बसू नका.

पावसाआधी आपल्या वाड्यावरचा बांध एकदा चालून बघा. भेग दिसली, दार कुजलेले दिसले, तर फोटो काढून कुळांच्या संघटनेला आणि कृषी खात्याला लगेच कळवा. भेग बुजवायला चार माणसे पुरतात. खांड बुजवायला अख्खा गाव लागतो.