टायरची झीज व शॉकअपची जुळणी

मोटारसायकलीचा विषय व्याख्यानमालेत कशासाठी, असे काही ज्येष्ठ श्रोत्यांच्या मनात आले असेल. परंतु ज्या घरातला मुलगा गाडीला पिशव्या बांधून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइमतूरला 'ट्रॅक डे'साठी जातो, आणि तो परत येईपर्यंत ज्या घरात झोप लागत नाही, त्या घराला हा विषय परका नाही.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. शुल्क भरावे, चामड्याचा पोशाख चढवावा आणि पंधरा-वीस मिनिटांच्या पाळीने बंद मार्गावर आपली गाडी चालवावी, एवढाच तो प्रकार. तेथे समोरून ट्रक येत नाही, मध्ये म्हैस येत नाही. हमरस्त्यावर वेग करण्यापेक्षा हे शतपटीने बरे, असे आमचे मत आहे. मात्र तेथे सारा हवाला टायरवर.

गाडी व स्वार मिळून २६० किलो वजन धरू. टायरमध्ये ३० पौंड हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो दाब. एका चाकावर १३० किलो आले तर जमिनीला टेकणारा भाग ढोबळमानाने ६० चौरस सेंटिमीटर, म्हणजे तळहातापेक्षाही लहान. आता गाडी वळणात ४५ अंश कलली की बाजूकडचे ओढणे गाडीच्या वजनाइतके होते. एवढ्याशा रबराला २६० किलो पेलायचे, आणि तितक्याच जोराने आडवे घासले जाण्यास विरोधही करायचा. टायर झिजतो याचे नवल नाही. तो टिकतो याचे आहे.

हवेचे गणित आधी समजून घेतले पाहिजे, कारण बहुतेकांची चूक येथेच होते. सकाळी २७ अंश उष्णतेला भरलेली ३० पौंड हवा टायर ७२ अंशांवर गेला की सुमारे साडेछत्तीस पौंड होते. हवा वाढवली कोणी नाही, ती तापली म्हणून फुगली. म्हणून पंक्चरवाल्याकडचा रस्त्याचा आकडा ट्रॅकवर चालत नाही. टायर बनवणारे ट्रॅकसाठी निराळा, बहुधा कमी आकडा सांगतात. तो घ्यावा आणि पाळी संपवून आल्याबरोबर, टायर गरम असतानाच, पुन्हा गेज लावावे.

हवा जास्त असली तर टायर चेपत नाही, आणि चेपला नाही तर आतून तापत नाही. वरचे कातडे तेवढे घासून तापते. मग रबर ओरबाडल्यासारखे, खोल चिरा पडून निघते. हवा फार कमी असली तर तो वाजवीपेक्षा जास्त चेपतो व तापतो. पृष्ठभाग बारीक खरखरीत होतो आणि त्यावर निळसर झाक येते. पहिल्या प्रकाराला मंडळी थंड फाट म्हणतात, दुसऱ्याला गरम फाट. डोळ्यांनी संशय घ्यावा, निर्णय मात्र गेजवर सोडावा.

मार्गाची दिशाही पाहावी लागते. घड्याळाच्या दिशेने जाणाऱ्या मार्गावर उजवीकडचे वळण एकूण जास्त भरते, म्हणून उजवी बाजू आधी जाते. डावी बाजू थंड राहते, आणि तिच्यावर एकाएकी विसंबणे धोक्याचे. जर्मनीतील झाक्सेनरिंगवर याच्या उलट आहे. तेथे १० वळणे डावी व ३ च उजवी. सलग डावी वळणे घेऊन आल्यावर येणाऱ्या अकराव्या, उजव्या वळणावर कसलेले स्वारही आडवे झालेले आहेत.

झिजेपुढे मोठ्यांचेही चालत नाही. २०१३ साली ऑस्ट्रेलियात फिलिप आयलंडला नवे डांबर घातले होते. टायर शर्यतभर टिकेनात, म्हणून मोटोजीपीची शर्यत १९ फेऱ्यांवर आणली आणि एका टायरवर १० पेक्षा जास्त फेऱ्या नाहीत, मध्येच गाडी बदलायची, असा नियम केला. मार्क मार्केझ एक फेरी उशिरा आत आला आणि बाद ठरला.

आता शॉकअपकडे वळू. प्रीलोड पिळला की स्प्रिंग कडक होते, ही समजूत गॅरेजोगॅरेजी ऐकू येते. ती चुकीची आहे. स्प्रिंग तीच राहते. गाडी किती खाली बसते तेवढे बदलते. चाक अधांतरी असतानाचे एक माप घ्यावे, स्वार पोशाखासह बसल्यावर दुसरे. ट्रॅकसाठी या दोहोंत ३० ते ३५ मिलिमीटर फरक असावा. प्रीलोड कितीही फिरवून तो जमत नसेल, तर स्प्रिंगच स्वाराच्या वजनाची नव्हे.

दबलेली स्प्रिंग किती वेगाने वर यावी, हे रिबाउंडचा स्क्रू ठरवतो. फार मोकळा ठेवला तर गाडी बैलगाडीसारखी उसळते व टायरवरचा भार सारखा कमीजास्त होतो. फार आवळला तर एका खड्ड्यातून चाक खाली येण्याआधी दुसरा खड्डा येतो, शॉकअप दबत दबत खालीच राहतो, आणि त्याचे काम टायरला करावे लागते. मग रबर फाटते व दोष टायर कंपनीला दिला जातो. दबण्याचा स्क्रू, म्हणजे कॉम्प्रेशन, सर्वांत शेवटी. पहिल्या वर्षी आम्ही तिन्ही एकदम फिरवले. गाडी बिघडली हे कळले, कशामुळे ते कळेना. तेव्हापासून एका पाळीला एकच बदल, आणि खिशात वही.

राहता राहिला परतीचा प्रवास. पुण्याहून चेन्नई बाराशे किलोमीटरच्या आसपास. सरळ रस्त्याने टायरचा मधला भाग सपाट झालेला असतो, ट्रॅकने कडा खाल्लेल्या असतात. झीज दाखवणारे उंचवटे बहुधा मधल्या खाचांत असतात. ते शाबूत दिसले तरी कडा गोटा झालेली असू शकते. टायर थंड होऊ द्यावा, रस्त्याच्या आकड्याइतकी हवा पुन्हा भरावी, स्क्रू वहीत पाहून मूळ जागी आणावेत, आणि मग कडेवरून हात फिरवावा. आतले धागे लागले तर गाडी टेम्पोत चढवून आपण रेल्वेने यावे. टेम्पोचे भाडे घरून निघतानाच वेगळे काढून ठेवावे, म्हणजे ऐन वेळी मोह होत नाही.