विंचरलेल्या केसांत जट धरत नाही

राहुरी तालुक्यात कांद्याची लागवड असो, खुरपणी असो की उसाचे रान, आपल्या आयाबहिणी सकाळी डोक्याला फडके बांधून निघतात त्या दिवस मावळताना घरी येतात. ऊन, वारा आणि फुफाटा केसांत बसतो. न्हायला पाणी बहुतेक ठिकाणी बोअरचे किंवा विहिरीचे. त्यात साबणाला फेस येत नाही, आणि न्हाल्यावरही केस राठ, पिंजारलेले राहतात. फणी अडकते. दिवसभर राबलेली बाई मग म्हणते, "उद्या विंचरीन." तो उद्या आठ-आठ दिवस येत नाही.

ही बाब छोटी वाटते, पण याच गुंत्यातून पुढे जट तयार होते, आणि जट आली की घरात भीती शिरते. म्हणून केसांची निगा हा नटण्यामुरडण्याचा विषय नाही, तो आरोग्याचा आणि विवेकाचा विषय आहे.

केस राठ का होतात?

केसाच्या बाहेरच्या बाजूला छपरावरच्या कौलांसारखे बारीक पापुद्रे असतात. ते नीट बसलेले असले की केस मऊ लागतो. उन्हाने, घासण्याने, रंगाने किंवा केस सरळ करण्याच्या औषधाने ते उचलले जातात, आणि एक केस दुसऱ्यात अडकतो. डोक्याच्या कातडीतून निघणारे तेल सरळ केसावरून टोकापर्यंत सहज उतरते. कुरळ्या केसावर ते वळणावळणाला अडते, म्हणून कुरळे केस अधिक कोरडे असतात. त्यात वाईट किंवा कमीपणाचे काही नाही. त्यांना तेवढी जास्त काळजी लागते, इतकेच.

जड पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणाशी त्यांचा संयोग होऊन चिकट थर तयार होतो आणि तो केसांवर बसतो. म्हणून अंगाचा किंवा कपड्यांचा साबण डोक्याला लावू नये.

घरच्या घरी काय करावे?

न्हाण्याच्या आदल्या रात्री किंवा तासभर आधी चमचा-दोन चमचे खोबरेल तेल केसांना, विशेषतः टोकांना लावावे. आठवड्यातून एकदा-दोनदा सौम्य शाम्पूने डोके धुवावे. जड पाण्यात साबणासारखा थर शाम्पूने बसत नाही. पाणी कोमट घ्यावे, कढत नको. शक्य असेल तर शेवटचे तांब्याभर पाणी नळाचे किंवा पावसाचे घ्यावे. धुतल्यावर कंडिशनर टोकांना लावून दोन-तीन मिनिटांनी धुऊन टाकावे. छोटी पुडीही पुरते.

केस पंचाने खसाखसा पुसू नयेत, दाबून पाणी टिपावे. मोठ्या दातांची फणी घ्यावी आणि आधी टोकांचा गुंता सोडवत हळूहळू वर यावे. वरून खाली ओढले की गाठ आणखी घट्ट बसते. रात्री सैल वेणी घालावी. शेतात डोक्याला बांधायचे सुती फडके रोज धुतलेले असावे. मेंदीने काहींचे केस अधिक कोरडे होतात. तसे होत असेल तर ती कमी करावी.

जेवणात डाळ, मोड आलेली मटकी, शेंगदाणे, पालेभाज्या आणि जमेल तेव्हा अंडी असावीत. केस अचानक कोरडे होऊन गळू लागले, त्याबरोबर थकवा असेल, थंडी जास्त वाजत असेल किंवा वजन वाढत असेल, तर डॉक्टरांना विचारून थायरॉइड व हिमोग्लोबिन तपासावे.

जट म्हणजे काय?

आपले रोज पन्नास ते शंभर केस गळतात. विंचरले की ते निघून जातात. आजारपणात, बाळंतपणानंतर किंवा मन खचल्यामुळे बाई विंचरेनाशी झाली, तर गळालेले केस आतच अडकतात. त्यात तेल, धूळ, घाम आणि उवांची भर पडते, आणि त्याचा नमदा होतो. हीच जट. तिच्यात देवी नाही आणि कोणाचा कोपही नाही. तिच्या ओझ्याने मान दुखते, झोप लागत नाही, आत जखमा होतात.

पण जट दिसली की यल्लम्माचे नाव घेतले गेले, आणि कित्येक मुली देवीला वाहिल्या गेल्या. २००५ च्या कायद्याने महाराष्ट्रात देवदासी प्रथेवर बंदी आली. त्याच्या कितीतरी आधी, जून १९३६ मध्ये, मुंबईत परळच्या दामोदर हॉलमधील सभेत बाबासाहेबांनी देवदासी, पोतराज, वाघ्या-मुरळी यांना ते अपमानाचे जिणे सोडण्याचे आवाहन केले होते.

ही भीती केवळ आपल्याकडचीच नाही. पोलंडमध्येही जट कापली तर आजार बळावतो असे लोक मानत. एकोणिसाव्या शतकात क्राको येथील डॉ. योझेफ डिटल यांनी हा रोग नसून अस्वच्छतेचा परिणाम आहे, हे लोकांना पटवून दिले. आज अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आपल्याकडे हेच काम करतात. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी शेकडो महिलांना जटेतून मुक्त केले आहे.

घरात कोणाला जट असेल तर जबरदस्ती करू नये. आधी तिच्याजवळ बसावे, तिची भीती ऐकून घ्यावी. ती तयार झाली की जट कात्रीने सावकाश कापावी. डोके धुवावे, उवांवर औषध लावावे. जखम असेल तर ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. नंतरचे काही दिवस तिच्याकडे लक्ष ठेवावे. त्या काळात साधा ताप आला तरी तिला जुनी भीती आठवेल, तेव्हा कोणीतरी सोबत हवे.

विनयपिटकाच्या महावग्गात उरुवेल कस्सपाची हकिकत आहे. तो पाचशे जटिल तापसांचा पुढारी होता. तथागतांचा धम्म पटल्यावर त्याने आणि त्याच्या शिष्यांनी जटा कापून नेरंजरा नदीत सोडल्या. खाली राहणाऱ्या त्याच्या भावाने पाण्यावरून वाहत येणाऱ्या जटा पाहिल्या आणि भावावर काही संकट आले की काय, म्हणून तो धावत आला. संकट काहीच नव्हते. मग त्यानेही आपल्या जटा त्याच नदीत सोडल्या.

१४ ऑक्टोबर १९५६ ला आपण देव्हारे सोडले. तरीही एखाद्या आजीच्या डोक्यात गुंता दिसला की घरातले कात्री उचलायला कचरतात. येत्या रविवारी विहारात वंदना झाली की थोडा वेळ थांबावे. तेलाची बाटली आणि मोठ्या दातांची फणी सोबत न्यावी, आणि ज्या आजींचे हात आता डोक्यापर्यंत पोहोचत नाहीत, त्यांची वेणी लेकी-सुनांनी घालून द्यावी.