घोटाळा एक, मथळे दोन

आपल्या गाणगापुरातल्या बऱ्याच घरांत दोन वर्तमानपत्रं येतात. एक सोलापूरकडून येणारं मराठी आणि दुसरं कलबुर्गी आवृत्तीचं कन्नड. शिवाय पौर्णिमेला पुण्या-मुंबईचे यात्रेकरू येताना त्यांचे अंक आणतात आणि ते लॉजवर, मठाच्या कट्ट्यावर किंवा प्रसादाच्या पुड्यांभोवती मागे राहतात. असे तीन-चार अंक शेजारी ठेवून एकाच घोटाळ्याची बातमी वाचली की हमखास प्रश्न येतो, यातलं खरं कुठलं? गेल्या वर्षी आमच्या घरात एका मंत्र्यावरून काका-पुतण्यांत आठवडाभर अबोला होता. नंतर लक्षात आलं की काका एक पत्र वाचत होते आणि पुतण्या दुसरं. दोघांनी वाचलेलं खोटं नव्हतं, पण दोघांनाही निम्मंच मिळालं होतं.

(कन्नडात घोटाळ्याला 'हगरण' म्हणतात. तो शब्द मोठ्याने वाचला की आपल्या मराठी पोरांना हसू आवरत नाही. असो.)

पत्राचा कल म्हटलं की आपल्याला वाटतं, हे लोक खोटं छापतात. धडधडीत खोटं तसं क्वचितच छापलं जातं, कारण त्याने अब्रुनुकसानीचा दावा अंगावर येतो. कल दिसतो तो दुसरीकडे. बातमी पहिल्या पानावर घडीच्या वर आहे की सातव्या पानावर निविदांच्या शेजारी? मथळ्यात 'लाटले' आहे की 'लाटल्याचा आरोप'? आरोप करणाऱ्याचं म्हणणं अगोदर येतं की मंत्र्याचा खुलासा? 'सूडाचे राजकारण' हे शब्द अवतरणात आहेत की पत्राने स्वतःच्या तोंडी घेतलेत? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही बातमी तिसऱ्या आठवड्यातही जिवंत आहे का? घोटाळा एका दिवसाच्या बातमीने कुणाला खाली खेचत नाही. तो रोज लावून धरावा लागतो, आणि तसा तो कोण धरतं हे बहुतेक वेळा कलावर ठरतं.

याचं मराठी माणसाला आठवणारं ठळक उदाहरण म्हणजे अंतुल्यांचं सिमेंट प्रकरण. बॅरिस्टर अ. र. अंतुले जून १९८० मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. तेव्हा सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. परवान्याशिवाय पोतं मिळत नसे, आणि ज्याला कोट्यापेक्षा जास्त मिळे त्याची चांदी होई. अंतुल्यांनी काही ट्रस्ट काढले. त्यांतल्या एकाचं नाव 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान'. बांधकाम व्यावसायिकांनी या ट्रस्टना देणग्या दिल्या आणि त्यांना सिमेंट मिळालं, हे ३१ ऑगस्ट १९८१ रोजी 'इंडियन एक्सप्रेस'ने अरुण शौरींच्या लेखातून छापलं. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंट यांचा संबंध असल्याचा निकाल दिला आणि अंतुल्यांना पायउतार व्हावं लागलं.

आता हे एक्सप्रेसनेच का शोधलं? मालक रामनाथ गोएंका १९७१ मध्ये जनसंघाच्या तिकिटावर विदिशातून लोकसभेत गेले होते. आणीबाणीत त्यांच्या पत्राने अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती आणि इंदिराबाईंच्या सरकारने त्या समूहाला पुष्कळ छळलं होतं. शौरी पुढे भाजपचे खासदार झाले आणि वाजपेयींच्या मंत्रिमंडळात मंत्रीही. तेव्हा अंतुल्यांचे समर्थक म्हणायचे, हे वैर आहे, पत्रकारिता नव्हे. वैर होतंच, ते कशाला नाकारायचं? पण वैर होतं म्हणून देणग्यांच्या नोंदी खोट्या ठरल्या नाहीत. ज्या पत्राची काँग्रेसशी सलगी होती, त्याला ते कागद शोधायची घाई नव्हती इतकंच. फौजदारी खटला पुढे अनेक वर्षं उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात फिरत राहिला. त्यातला सर्वोच्च न्यायालयाचा १९८८ चा निर्णय कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही वाचावा लागतो.

पण वैर नेहमीच खऱ्यापर्यंत नेतं असंही नाही. शंभर वर्षं मागे जाऊ. 'केसरी' नुकताच निघाला होता, १८८१ साली. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडं ठरवून त्यांचा छळ होतो आहे आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असं 'केसरी' आणि 'मराठा' यांनी छापलं. आधार होता हाती आलेल्या काही पत्रांचा. इंग्रजांनी नेमलेला दिवाण आणि आपला छत्रपती, तेव्हा कल कुठे असणार हे उघड होतं. बर्व्यांनी खटला भरला आणि ती पत्रं बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यातले १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. सुटले तेव्हा स्वागताला गर्दी होती. लोकांच्या लेखी ते गुन्हेगार नव्हतेच.

या गोष्टीचं शेपूट मात्र विसरता येत नाही. डिसेंबर १८८३ मध्ये छत्रपती अहमदनगरला नजरकैदेत असताना, देखरेखीवरच्या एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत गेले. म्हणजे पत्रं बनावट होती, बर्व्यांवर अन्याय झाला होता, आणि तरीही राजाच्या हालांची शंका काही हवेतली नव्हती. केसरीचं चुकलं ते इथे की मनासारखा कागद हाती आला आणि तो कुणी घडवला हे तपासलं नाही. आज मोबाईलवर मनासारखी चिठ्ठी आली की आपणही हेच करतो, आणि आपल्याला तर डोंगरीचीही भीती नाही.

मालकी कुणाची हे ठाऊक असलं की वाचणं सोपं होतं. 'सकाळ' नानासाहेब परुळेकरांनी १९३२ मध्ये काढला. १९८५ पासून तो पवार कुटुंबाकडे आहे. 'लोकमत' दर्डांचा, आणि त्या घरातले जवाहरलाल दर्डा काँग्रेसचे मंत्री होते. 'सामना' १९८८ मध्ये बाळासाहेब ठाकऱ्यांनी काढला, आणि तो लपवाछपवी न करता पक्षाचं पत्र आहे. मला तर तो म्हणूनच वाचायला सोपा वाटतो, कारण दुकानाची पाटी बाहेर लावलेली आहे. कन्नडात 'विजय कर्नाटक' सुरू करणारे विजय संकेश्वर भाजपचे खासदार होते. ते पत्र २००६ मध्ये टाइम्स समूहाकडे गेलं आणि संकेश्वरांनी २०१२ मध्ये 'विजयवाणी' काढली. यातल्या कुठल्याही पत्राचा तालुक्याचा वार्ताहर खोटं लिहितो असं मी म्हणत नाही. त्याने पाठवलेल्या बातमीचं पान मात्र तो ठरवत नाही.

कल विकतही घेता येतो. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाणांची स्तुती करणारा जवळजवळ शब्दशः सारखा मजकूर तीन मोठ्या मराठी दैनिकांत आला. पी. साईनाथांनी तो 'द हिंदू'मध्ये उघड केला. पैसे दिले नाहीत, असं चव्हाणांचं म्हणणं होतं. प्रकरण निवडणूक आयोगाकडे गेलं, आयोगाने २०१४ मध्ये खर्चाच्या हिशेबावरून त्यांना नोटीस काढली, आणि ती दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केली. पण तीन स्पर्धक पत्रांना एकच वाक्य एकाच वेळी सुचतं कसं, याचं उत्तर वाचकाला मिळालं नाही. प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये पेड न्यूजवर अहवाल केला तो याच काळातल्या तक्रारींवरून. पक्षाचा कल निदान वर्षानुवर्षं तोच राहतो. पैशाचा कल निवडणूक संपली की संपतो, म्हणून तो ओळखणं जास्त अवघड.

आता आपल्या राज्यातलं, अंतुल्यांच्या प्रकरणाचं जुळं भावंड शोभेल असं एक. जुलै २०११ मध्ये लोकायुक्त संतोष हेगडे यांचा बेकायदा खाणींवरचा अहवाल आला आणि ३१ जुलैला मुख्यमंत्री येडियुरप्पांनी राजीनामा दिला. इथेही प्रश्न ट्रस्टला मिळालेल्या देणगीचाच होता: कुटुंबीयांच्या प्रेरणा ट्रस्टला खाण कंपनीकडून पैसे का आले? फक्त पक्ष उलटे होते. त्यामुळे १९८२ मध्ये 'ट्रस्टला देणगी म्हणजे लाच' म्हणणारे कित्येक जण २०११ मध्ये 'देणगी चेकने घेतली, त्यात काय' म्हणू लागले, आणि तेव्हा गप्प बसलेल्यांना आता कंठ फुटला. हे आपल्या कट्ट्यावर मी स्वतः ऐकलंय. ऑक्टोबर २०१६ मध्ये बेंगळुरूच्या विशेष सीबीआय न्यायालयाने येडियुरप्पांना त्या प्रकरणात निर्दोष सोडलं.

ज्यांच्या घरी किंवा गावातल्या वाचनालयात जुने अंक बांधून ठेवलेले असतील, त्यांनी ऑगस्ट २०११ चा आणि ऑक्टोबर २०१६ चा गठ्ठा काढावा. दोन्ही भाषांतले अंक मिळाले तर उत्तमच. राजीनाम्याची बातमी किती कॉलमची होती, सुटकेची किती, कुठल्या पत्रात दोन्हीचा आकार सारखा आहे आणि कुठल्या पत्रात सुटकेची बातमी मोठी, हे पट्टीने मोजून पाहावं. पोरांना सुटीत हे काम द्या. आमच्याकडचे काका-पुतणे सध्या त्याच उद्योगाला लागलेत, आणि निदान बोलायला लागलेत.