पान्हा उणा, पण माता उणी नव्हे

ऑगस्ट महिन्याचा पहिला आठवडा जगभर स्तनपान सप्ताह म्हणून पाळला जातो. १९९२ पासून सुरू झालेला हा उपक्रम आता आपल्या खेड्यापाड्यांतील अंगणवाड्यांपर्यंत पोहोचला आहे. या आठवड्यात भित्तिपत्रके लागतात, गरोदर मातांचे मेळावे भरतात आणि आईच्या दुधाचे महत्त्व सांगितले जाते. या प्रचाराची आवश्यकता निर्विवाद आहे. जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू करावे, पहिले सहा महिने केवळ आईचेच दूध द्यावे आणि त्यानंतर पूरक आहाराबरोबर दोन वर्षे किंवा अधिक काळ स्तनपान चालू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आपल्या देशात सहा महिन्यांखालील बालकांपैकी केवळ आईच्या दुधावर असलेल्या बालकांचे प्रमाण २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ५४.९ टक्के होते. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ते ६३.७ टक्क्यांवर गेले. ही प्रगती समाधानाची आहे.

उरलेल्या बालकांपैकी काहींना मध, पाणी किंवा वरचे दूध केवळ रूढीमुळे दिले गेले असेल. परंतु त्यांच्या मातांमध्ये अशाही काही आहेत, की ज्यांनी मनापासून प्रयत्न केले, रात्री जागून काढल्या, वेदना सोसल्या. आणि तरीही त्यांचे दूध बाळाला पुरले नाही. भित्तिपत्रकावरील हसऱ्या मातेकडे पाहताना या स्त्रीच्या मनात काय येत असेल, याचा विचार आपल्या प्रचारात क्वचितच होतो. त्या विचाराची निकड या लेखात मांडावयाची आहे.

दुःख आणि अपराधभावना

अशा मातेच्या मनात दोन भावना एकत्र नांदत असतात. एक दुःखाची आणि दुसरी अपराधाची. गरोदरपणापासून मनाशी जपलेले चित्र प्रत्यक्षात उतरले नाही, बाळाशी असलेल्या एका निकटच्या नात्याला आपण मुकलो, हे दुःख होय. बाळ धडधाकट असले, वरच्या दुधावर चांगले वाढत असले, तरीही हे दुःख खरे असते. "बाळ सुखरूप आहे ना, मग रडतेस कशाला?" या प्रश्नाने ते नाहीसे होत नाही. ते ऐकून घेतले गेले, की मात्र हलके होते.

अपराधाची भावना याहून वेगळी आहे. जे घडले ते आपल्याच चुकीमुळे, आपण कोठेतरी कमी पडलो, ही समजूत तिच्या मुळाशी असते. दुःखाला सहानुभूती हवी. अपराधभावनेला सहानुभूतीबरोबर वस्तुस्थितीचे ज्ञानही हवे. म्हणूनच दूध कसे तयार होते आणि ते का कमी पडते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

दूध का कमी पडते

प्रसूतीनंतर वार पडली, की शरीरातील संप्रेरकांचे प्रमाण झपाट्याने बदलते आणि साधारणतः दोन-तीन दिवसांत दूध भरून येते. त्यापूर्वी येणारा चीक प्रमाणाने थोडा असतो आणि नवजात बाळाची गरजही तेवढीच असते. बाळ जितके ओढते, तितके प्रोलॅक्टिन या संप्रेरकाच्या योगे दूध तयार होते. ऑक्सिटोसिनमुळे ते बाहेर येते. वेदना, भीती व मानसिक ताण यांमुळे ऑक्सिटोसिनचे कार्य तात्पुरते मंदावू शकते. सासर-माहेरच्या मंडळींनी सभोवती बसून "दूध येते की नाही" याची वाट पाहणे, हे म्हणूनच उपकारक होत नाही.

दूध अपुरे असल्याची तक्रार पुष्कळदा गैरसमजातून उद्भवते. बाळ रडते म्हणजे उपाशीच आहे, असे मानले जाते. पहिल्या काही दिवसांनंतर बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी करीत असेल आणि त्याचे वजन योग्य रीतीने वाढत असेल, तर दूध पुरेसे आहे असे समजावे. बाळाला छातीशी नीट धरण्याची पद्धत आणि दिवसातून आठ ते बारा वेळा पाजणे, एवढ्याने अनेक अडचणी सुटतात.

परंतु सर्वच अडचणी सुटतात असे नाही. वारेचा तुकडा गर्भाशयात राहणे, प्रसूतीच्या वेळी अतिरक्तस्राव होणे, थायरॉइडचा विकार, स्तनांवर पूर्वी झालेली शस्त्रक्रिया, किंवा दूध तयार करणाऱ्या ग्रंथींचीच मुळात कमतरता असणे, या कारणांनी दूध कमी राहू शकते. कर्करोगावरील काही औषधे घेणाऱ्या मातेला स्तनपान देता येत नाही. बाळाची टाळू दुभंगलेली असेल, तर त्याला ओढता येत नाही. चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळास चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधणे कठीण जाते. असे बाळ कित्येक दिवस अतिदक्षता कक्षात असते आणि आई बाहेर बाकावर बसलेली असते.

याखेरीज काही कारणे शरीराबाहेरची आहेत. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी स्थलांतर करणारी स्त्री बाळंतपणानंतर लवकरच फडावर उभी राहते. बाळ खोपीत आणि आई उसात, अशा दिनक्रमात वरचेवर पाजणे व्हावे कसे? संघटित क्षेत्रातील स्त्रीला मिळणारी प्रसूती रजा २०१७ मध्ये १२ आठवड्यांवरून २६ आठवडे करण्यात आली. परंतु रोजंदारीवर राबणाऱ्या स्त्रीच्या पदरात अशी भरपगारी रजा पडत नाही. तिचे दूध आटले, तर त्याचा दोष तिच्या मायेला लावणे अन्यायाचे आहे.

भाषेतला आणि परंपरेतला दंश

हा दोष नकळत लावला जातो, याचे एक कारण आपल्या बोलण्यात दडलेले आहे. "आईचे दूध प्यायला असशील तर पुढे ये," असे आव्हान आपण सहज देतो. दूध न देणाऱ्या गाईने "पान्हा चोरला" असे म्हणतो आणि तोच शब्द कधी बाळंतिणीलाही लागतो. घरात अळिवाचे लाडू झाले, शतावरी झाली, दृष्टही काढून झाली. आणि तरी दूध आले नाही, की मग "हिचे मनच बाळात नाही" असा निष्कर्ष निघतो.

ही समजूत जुनीच आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात दूध नाहीसे होण्याच्या कारणांत क्रोध व शोक यांच्याबरोबर वात्सल्याचा अभावही गणला आहे. मात्र त्याच ग्रंथात बाळासाठी धात्री कशी निवडावी, याचाही विचार केलेला आहे. म्हणजे जन्मदात्रीखेरीज दुसऱ्या कोणाच्या दुधावर बाळ वाढू शकते, हे आपल्या पूर्वजांनी गृहीत धरले होते. मनावरील ताणाने दुधाचा प्रवाह मंदावू शकतो हे आजचे शास्त्रही मानते. परंतु दूध कमी म्हणून माया कमी, हे उलटे अनुमान त्यातून मुळीच निघत नाही.

महाराष्ट्रात मातृप्रेमाचे प्रतीक म्हणून हिरकणीची कथा सांगितली जाते. एस.टी. स्थानकांवरील स्तनपानाच्या कक्षांना तिचेच नाव दिलेले आहे. गडाचे दरवाजे मिटल्यावर ती रात्री कडा उतरून गेली, ती घरी एकटे असलेल्या आपल्या तान्ह्याच्या ओढीने. दूध न आलेल्या मातेची ओढ याहून निराळी नसते. कृष्णाची माता म्हणून घरोघरी जिचे नाव घेतले जाते, त्या यशोदेनेही त्याला जन्म दिलेला नव्हता. मातृत्वाला एकच मोजमाप लावण्याची आपली परंपरा नाही, याचे स्मरण ठेवणे इष्ट ठरेल.

दोषारोपाचा तोटा बाळालाच

मातेला दोष दिल्याने दूध वाढत नाही, हे तर झालेच. पण त्याहून गंभीर परिणाम बाळावर होतो. बोलणी खावी लागतील या भीतीने माता वरचे दूध लपवून देऊ लागते. आशा कार्यकर्ती घरी आली, की बाटली कपाटात जाते. मग ते दूध किती पाण्यात कालवले, पाणी उकळले होते काय, भांडे कसे धुतले, हे विचारणारे आणि शिकवणारे कोणी उरत नाही. डबा अधिक दिवस पुरावा म्हणून भुकटी कमी व पाणी जास्त घातले जाते आणि बाळ हळूहळू कुपोषणाकडे सरकते. अस्वच्छ बाटलीमुळे अतिसार होतो. जे संकट टाळण्यासाठी आपण स्तनपानाचा प्रचार करतो, तेच संकट दोषारोपामुळे मागील दाराने घरात शिरते.

या संदर्भात कायद्याविषयीचा एक गैरसमज दूर करणे जरुरीचे आहे. मातेच्या दुधाचे पर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या व बालान्ने यांचे नियमन करणारा कायदा १९९२ मध्ये झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. या वस्तूंची जाहिरात करणे, मातांना मोफत नमुने वाटणे किंवा आरोग्यसेवकांना प्रलोभने देणे यांस तो प्रतिबंध करतो. त्याचा रोख उत्पादक व विक्रेते यांच्यावर आहे. वैद्यकीय सल्ल्याने बाळाला पर्यायी दूध देणारी माता कोणताही अपराध करीत नाही.

उपायांचा क्रम

पहिला उपाय म्हणजे वेळेवर मदत. प्रसूती रुग्णालयात झाली असल्यास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा कार्यकर्तीने घरी भेट द्यावी, अशी योजना आहे. यांपैकी पहिल्या दोन भेटींत बाळाला पाजताना प्रत्यक्ष पाहिले, तर बहुतेक अडचणी तेथेच लक्षात येतात. वजन वाढत नसेल, तर माता व बाळ या दोघांचीही वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

दुसरा उपाय सुरक्षित पर्यायाचा. बाळ ओढू शकत नसल्यास आईचे काढलेले दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्यावे. कमी दिवसांच्या व आजारी बाळांसाठी मानवी दुग्धपेढीतील दूध उपयोगी पडते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी सुरू झाली. इतर मातांनी दिलेले दूध अशा पेढ्यांत तपासून व ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून निर्जंतुक केले जाते. हे शक्य नसल्यास डॉक्टरांनी सांगितलेले पर्यायी दूध नेमक्या मापाने, उकळलेल्या पाण्यात आणि स्वच्छ भांड्यात तयार करावे. थोडेही अंगावरचे दूध येत असेल, तर ते चालू ठेवावे. त्याच्या प्रत्येक थेंबाला मोल आहे. बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देणे तर दूध नसतानाही करता येते आणि ते पित्यालाही करता येते.

तिसरा उपाय मनाचा. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत वरचेवर रडू येणे सामान्य आहे आणि ते बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. त्यानंतरही उदासी टिकली, बाळ झोपले असतानाही झोप येईनाशी झाली, अन्नावरची वासना गेली, आपण निरुपयोगी आहोत असे सतत वाटू लागले, तर तो उपचार करण्याजोगा आजार समजावा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आल्यास, अथवा भ्रम झाल्यासारखी माता बोलू लागल्यास, त्याच दिवशी तिला रुग्णालयात न्यावे व एकटी ठेवू नये. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी मोफत सल्ला मिळतो. हा क्रमांक प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर असावयास हवा.

आपले कर्तव्य

अधिकाऱ्यांनी कार्यक्रमाचा आढावा घेताना टक्केवारीबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: ज्या मातांना स्तनपान साधले नाही, त्यांच्या घरी पुन्हा कोण गेले? शिक्षकांनी मेळाव्यात बोलताना मातेच्या कर्तव्याबरोबर कुटुंबाच्या कर्तव्याचाही उल्लेख करावा. बाळंतिणीला विश्रांती, पोटभर अन्न आणि रात्री बाळाला घेणारे दोन हात मिळणे हा उपदेशाहून मोठा आधार आहे. पंचायत सदस्यांनी गावच्या पोषण दिनाच्या वेळी अशा मातेशी सर्वांसमक्ष प्रश्नोत्तरे होऊ देऊ नयेत. तिच्याशी एकान्तात बोलण्याची सोय करावी. आणि बोलताना "का पाजत नाहीस?" असे विचारण्याऐवजी "बाई, तुला काय अडचण येते?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने दार मिटते. दुसऱ्याने ती मोकळेपणी बोलू लागते.

स्तनपानाचा प्रचार यापुढेही तितक्याच जोमाने चालला पाहिजे. परंतु त्याच्या यशाची कसोटी पाजणाऱ्या मातांच्या संख्येपुरती ठेवून चालणार नाही. ज्या मातेला पाजता आले नाही, तिचे बाळ वाटीतले स्वच्छ, योग्य मापाचे दूध पिऊन वाढत आहे आणि ती स्वतः मान खाली न घालता अंगणवाडीच्या दारात त्याचे वजन करावयास येत आहे, हेही त्या यशाचेच लक्षण मानले पाहिजे.