विश्लेषण : घशाला काडी लागताच उमासा का येतो?

वांद्र्यातील दातांच्या दवाखान्यात एक्स-रेची पट्टी जिभेच्या मागे सरकली, की काहींना जोरात उमासा येतो. डोळ्यांत पाणी येते, रुग्ण ओशाळतो. पण ही घशाची राखण आहे आणि ती मेंदू थेट आपल्या हाताखाली ठेवतो.

हे नेमके कसे घडते?
मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या १२ जोड्या असतात. नववी जोडी, ग्लोसोफॅरिंजियल, जिभेच्या मागच्या भागातील आणि घशातील स्पर्शाची खबर ब्रेनस्टेमला, म्हणजे मेंदूच्या देठाला देते. तेथून मुख्यतः दहाव्या जोडीमार्फत, म्हणजे व्हेगसमार्फत हुकूम सुटतो. घसा आवळतो, मऊ टाळू वर उचलला जातो आणि नको असलेली वस्तू बाहेर ढकलली जाते.

डॉक्टर ‘आ’ करायला का सांगतात?
‘आ’ म्हणताना पडजीभ सरळ वर जायला हवी. एका बाजूचा व्हेगस दुबळा झाला, तर ती निरोगी बाजूकडे ओढली जाते. मात्र अनेक धडधाकट व्यक्तींनाही उमासा येत नाही. केवळ त्यावरून आजार ठरत नाही.

अवयवदानाशी काय संबंध?
१९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मेंदूमृत्यू जाहीर करण्यापूर्वी चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते. त्यात बाहुल्यांचा प्रकाशाला प्रतिसाद, खोकला आणि स्वतःहून श्वास घेण्याची क्षमता यांबरोबर घशाचा हा प्रतिसादही पाहिला जातो. एकट्या उमाशावर निर्णय होत नाही.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावे?
पक्षाघाताचा झटका आला, की घाबरून रुग्णाला पाणी पाजले जाते. घशाचे नियंत्रण गेले असेल, तर तेच पाणी श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. उमासा येतो म्हणजे गिळणे सुरक्षित आहे, असेही नाही. गिळण्याची तपासणी वेगळी असते. तोंड वाकडे होणे, हातापायातील बळ जाणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पालिकेचे भाभा रुग्णालय असो वा खासगी, गिळण्याची तपासणी होईपर्यंत रुग्णाच्या तोंडात पाणी, चहा किंवा गोळी, काहीही घालू नये.