घर सोडलेल्या मुलांची पहिली रात्र

१९७३च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात बोटी ठेवायच्या एका शेडमधली जमीन खणली गेली आणि किशोरवयीन मुलांचे मृतदेह निघू लागले. बळींचा आकडा पंचविशीच्या पुढे गेला. यातल्या कित्येकांच्या आईवडिलांनी मुलगा हरवल्याची तक्रार आधीच केली होती. 'पळून गेला असेल' म्हणून पोलिसांनी ती बाजूला ठेवली. पळालेल्या पोराची काळजी करावी असं तेव्हा व्यवस्थेला वाटतच नव्हतं. अल्पवयीन मुलाने घर सोडणं यालाच अनेक राज्यांत कायद्याचा भंग मानत, आणि सापडलेल्या मुलाची रवानगी बऱ्याचदा कोठडीत होई.

या घटनेने देश हादरला. इंडियानाचे सेनेटर बर्च बाय यांनी लावून धरलेल्या बाल न्यायविषयक कायद्यात पळालेल्या मुलांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. सप्टेंबर १९७४मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्यावर सही केली. आधी मुलाला निवारा द्या, बाकीचं नंतर पाहू, हा त्याचा गाभा. पैसे केंद्र सरकारचे आणि निवारे स्थानिक संस्थांचे, अशी रचना ठरली. आज अशा निवाऱ्यात अठरा वर्षांखालच्या मुलाला २१ दिवस राहता येतं. थोड्या मोठ्या, सोळा ते एकवीस वर्षांच्या मुलामुलींसाठी साधारण दीड वर्षाची सोय आहे. रात्री रस्त्यावर फिरून मुलांना गाठणाऱ्या कार्यकर्त्यांनाही याच कायद्यातून अनुदान मिळतं.

तस्करीचा प्रश्न इथेच येऊन मिळतो. घर सोडलेल्या मुलीला दलाल पहिल्या दिवशी मारहाण करत नाही. तो जेवायला घालतो, झोपायला जागा देतो, विचारपूस करतो. हिशेब नंतर मांडला जातो. बेघर तरुणांसाठी काम करणाऱ्या 'कॉव्हेनंट हाउस'च्या निवाऱ्यांत, अमेरिका आणि कॅनडातल्या १० शहरांत, ६४१ तरुणांच्या मुलाखती झाल्या. २०१७मध्ये निष्कर्ष आले: जवळजवळ दर पाचांतला एक जण देहविक्रयाच्या किंवा वेठबिगारीच्या तस्करीत सापडलेला होता. म्हणूनच मी निवाऱ्यातल्या पलंगाकडे दानधर्म म्हणून पाहू शकत नाही. दलालाच्या हातातलं पहिलं आमिष काढून घेण्याचा तोच खात्रीचा उपाय आहे.

अमेरिकेने २०००मध्ये मानवी तस्करीविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. अठराखालच्या मुलाकडून देहविक्रय करवून घेतला असेल, तर बळजबरी सिद्ध करण्याची गरज त्यात उरली नाही. पण एकोणीस वर्षांच्या मुलीच्या बाबतीत बळजबरी, फसवणूक किंवा धाक दाखवून द्यावाच लागतो. वाढदिवसाच्या एका रात्रीत भूक आणि बेघरपणा तेवढेच राहतात, कायद्याची नजर मात्र बदलते.

डेमोक्रॅट पॅट्रिक लेही आणि रिपब्लिकन सुझन कॉलिन्स या दोन सेनेटरांनी मग निवारा आणि तस्करीविरोध हे दोन्ही धागे एकत्र आणणारं विधेयक मांडलं. निवाऱ्यातला मुक्काम ३० दिवसांपर्यंत वाढवायचा, कर्मचाऱ्यांना तस्करीचे बळी ओळखायला शिकवायचं आणि समलिंगी किंवा ट्रान्सजेंडर म्हणून कुणालाही दारातून परत पाठवायचं नाही. ही शेवटची अट फार मोलाची होती, कारण लैंगिक ओळख कळल्यावर घराबाहेर काढलेली मुलं तिथल्या बेघर तरुणांत मोठ्या संख्येने आहेत. एप्रिल २०१५मध्ये तस्करीच्या बळींसाठीचा मोठा कायदा सेनेटमध्ये ९९ विरुद्ध ० मतांनी संमत झाला. लेही-कॉलिन्स विधेयक दुरुस्ती म्हणून त्याला जोडायचा प्रस्ताव मात्र पडला. बाजूने ५६ मतं, विरोधात ४३, आणि लागणार होती ६०. वाद पेटला तो भेदभावबंदीच्या अटीवर. तस्करांना शिक्षा करायला सगळे तयार होते. मुलाला आधीच आसरा देण्याची वेळ आली तेव्हा कोणत्या मुलाला, हा प्रश्न आडवा आला. याचं मला आजही दुःख होतं.

आपल्या भारतातली स्थिती वेगळी असली तरी सल तीच आहे. २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार पळून आलेलं मूल 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' ठरतं आणि २४ तासांत त्याला बालकल्याण समितीसमोर न्यावं लागतं. अठरा पूर्ण झाल्यावर २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या आधाराची, तरतूद आहे, पण ती बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांसाठी. एकोणिसाव्या वर्षी घर सोडून कल्याणला किंवा पुण्याला उतरलेल्या मुलीला ती लागू होत नाही. तस्करीविरोधी सर्वंकष विधेयक २०१८मध्ये लोकसभेत संमत झालं, राज्यसभेत पोहोचलं नाही आणि २०१९मध्ये व्यपगत झालं. नवं विधेयक येईल तेव्हा त्यात शिक्षेच्या कलमांइतकीच जागा निवाऱ्यांना आणि अठरा ओलांडलेल्या तरुणांना मिळावी, ही मागणी आपल्या खासदारांकडे आपणच करायला हवी.

तोवर एवढं करता येतं. दिवाळीच्या गर्दीत स्टेशनवर किंवा एसटी स्टँडवर एकटं, भांबावलेलं मूल दिसलं, तर त्याच्याजवळ थांबा आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक फिरवा. ही सेवा १९९६मध्ये मुंबईतच सुरू झाली. ती मोफत आहे आणि दिवसरात्र चालते. निराधार मूल आढळल्यास २४ तासांत कळवणं कायद्याने आपल्या प्रत्येकावर बंधनकारक आहे.