उभं राहताना

गांजाचा झुरका घेतल्यावर काही मिनिटांतच नाडी पळू लागते. मिनिटाला ७० असलेले ठोके सहज शंभरीपार जातात. आडव्या पडलेल्या माणसाचा रक्तदाबही थोडा चढतो. इथवर समजण्यासारखं आहे. पण तोच माणूस उठून उभा राहिला की नाडी धावत असतानाच रक्तदाब कोसळू शकतो. डोळ्यांपुढे अंधारी येते, क्वचित शुद्धही हरपते.

हृदय एवढं जोरात चालू असताना दाब का पडावा? आपण उभे राहतो तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त पोटाकडे, पायांकडे उतरतं. मानेतल्या धमनीच्या भिंतीतले मज्जातंतू ते क्षणात ओळखतात, मेंदूला निरोप जातो आणि खालच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. दिवसभर चाललेली ही करामत आपल्या गावीही नसते! गांजातलं टीएचसी हे नशा आणणारं द्रव्य नेमकं हे आवळणंच ढिलं पाडतं.

याहून थक्क करणारी गोष्ट १९७५ मध्ये दिसली. नील बेनोविट्झ आणि रीस जोन्स या अमेरिकी डॉक्टरांनी स्वयंसेवकांना रोज तोंडावाटे टीएचसी दिलं, काहींना २० दिवसांपर्यंत. हळूहळू नाडी उलट मंदावली, रक्तदाब उतरला आणि उभं राहतानाची भोवळ नाहीशी झाली. शरीराने रक्तातलं पाणी वाढवून घेतलं होतं.

अरुंद झालेल्या धमन्यांना मात्र अशी तडजोड जमत नाही. नाडी वाढली की हृदयाला प्राणवायू जास्त लागतो, आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड तोच हिरावतो. १९७४ च्या एका प्रयोगात हृदयविकाराच्या १० रुग्णांना गांजाच्या एका सिगरेटीनंतर व्यायाम करताना जवळपास निम्म्या वेळातच छातीत दुखू लागलं. २००१ मध्ये मरे मिटलमन यांच्या गटाने हृदयविकाराचा झटका आलेल्या ३,८८२ जणांची माहिती तपासली. ओढल्यानंतरच्या पहिल्या तासात झटक्याचा धोका ४.८ पट आढळला. त्या तासात ओढलेले रुग्ण मोजकेच होते, म्हणून हा आकडा जपून वापरावा. पण रोख स्पष्ट आहे.

होळीची भांगही त्याच झाडाची, पण ती पोटातून जाते, त्यामुळे चढायला तास-दीड तासही लागतो. तोवर ‘काहीच झालं नाही’ म्हणून दुसरा पेला रिचवला जातो. रक्तदाबाच्या गोळ्यांनी ज्यांच्या रक्तवाहिन्या आधीच सैल आहेत, अशा घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या दिवशी एकट्याने झटकन उठू देऊ नका. छातीत दुखलं तर तडक दवाखाना गाठा, आणि भांग प्यायल्याचं डॉक्टरांपासून लपवू नका.